गावी जाताना सोबत घ्या तीन ऋतूंची आरोग्य-शिदोरी



चितेगावच्या वस्तीतली बरीच घरे मूळची इथली नाहीत. पैठण रस्त्यावरच्या कारखान्यांमुळे काम मिळाले, म्हणून जालना, बीड, परभणी, हिंगोली अशा जिल्ह्यांतून माणसे आली. आधी भाड्याच्या खोलीत राहिली, पुढे कुणी पत्र्याचे घर उभे केले. पण गाव सुटले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरे आजीकडे जातात. पावसाळ्यात खुरपणीच्या वेळी एखादी चक्कर होते. दिवाळीला आणि हुरड्याच्या दिवसांत पुन्हा पिशव्या भरल्या जातात. आपल्या घरांत सुट्टी म्हणजे गावच.

बाबासाहेबांनी मात्र गावाचे गोडवे गायले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि जातीय संकुचितपणाचे ठिकाण असल्याचे स्पष्ट सांगितले होते. आपले आईवडील गावकुसाबाहेरच्या वस्तीत का राहिले, हातपंप वस्तीपासून लांब का होता, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. तरीही तिथे आपली माणसे आहेत, कुणाची एखादा एकर जमीन आहे, आणि लेकरांना मोकळी हवा मिळते ती तिथेच. म्हणून गावी जरूर जावे. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपण आजारी पडून परत येऊ नये, आणि आपल्या जाण्याने तिथले पाणी, सरपण आणि घरातल्या बाईचे कष्ट यांवर ताण पडू नये. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पाणी कमी पडले की स्वच्छता कमी होते आणि आजार वाढतो. सरपण जास्त जळले की धूर वाढतो आणि खोकला वाढतो.

निघण्यापूर्वी

बीपी, साखर, दमा, फिट यांच्या गोळ्या चालू असतील तर जितके दिवस राहणार, त्यापेक्षा चार दिवसांच्या जास्त घ्या. गावात मिळतील या भरवशावर जाऊ नका. क्षयरोगाचे औषध चालू असेल तर जाण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात सांगा. एकही डोस चुकवू नका. गरोदर बाई आणि लहान बाळ सोबत असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत असू द्या. ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, पट्टी, टॉर्च आणि मच्छरदाणी एवढे सामान एका पिशवीत बसते.

प्रवास शक्यतो एसटीने करा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. एका मोटारसायकलवर नवराबायको आणि दोन लेकरे, मध्ये गाठोडे, असा शंभर किलोमीटरचा प्रवास जीवघेणा आहे. एसटीत जीवही सांभाळला जातो आणि माणशी इंधनही कमी लागते.

उन्हाळा : पाण्याचा हिशेब आणि उन्हाचा मार

१४ एप्रिलची जयंती झाली की लग्ने, सुट्ट्या आणि बुद्ध पौर्णिमा असे दिवस लागतात. याच दिवसांत मराठवाड्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि विहिरींनी तळ गाठलेला असतो.

आधी पाण्याचा हिशेब करू. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच जणांचे कुटुंब आठ दिवस राहिले तर २,२०० लिटर झाले. मोठा हंडा साधारण १५ लिटरचा धरला तर जवळजवळ दीडशे हंडे! नळ नसलेल्या किंवा आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात हे दीडशे हंडे कोण भरते? आपली आई, वहिनी, नाहीतर शाळेत जाणारी भाची. आपण विश्रांतीला जातो आणि त्यांची कंबर मोडते. कमरेचे व मानेचे दुखणे आणि गरोदरपणातला त्रास यांमागे बऱ्याचदा हे पाणी भरणे असते.

यावर उपाय साधे आहेत. पाणी आणायला पाहुण्यांनीही जावे, पुरुषांनी आधी जावे. सायकल किंवा मोटारसायकलला कॅन बांधून आणले तर डोक्यावरचे ओझे कमी होते. नळाखाली किंवा शॉवरखाली नाही, बादली-मगाने आंघोळ करावी. एका बादलीत एका माणसाचे होते. भांडी आधी राखेने घासून मग दोन टोपल्यांत विसळावीत. हे पाणी शेवग्याच्या, पपईच्या किंवा लिंबाच्या मुळाशी टाकावे. घरासमोर डबके साचत असेल तर सुट्टीतल्या एका दिवशी भावांनी मिळून साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा खणावा, त्यात दगडगोटे भरावेत. मात्र पिण्याच्या विहिरीपासून आणि हातपंपापासून तो दूर असावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून सांडपाणी जमिनीत मुरवले आणि डास आटोक्यात आणले. आजीला साडी नेतो तसाच हा शोषखड्डाही भेट म्हणून देता येतो.

आणि पाण्याच्या हक्काविषयी एक गोष्ट. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर इतकी वर्षे झाली, तरी एखाद्या गावात वस्तीपर्यंत पाइपलाइन आली नसेल तर ते नशीब म्हणून सोडू नका. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सार्वजनिक पाणवठ्यावर कुणी अडवत असेल तर तो कायद्याने गुन्हा आहे.

आता उन्हाचे. दुपारी १२ ते ४ शेतात, मिरवणुकीत किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर उभे राहू नका. डोक्याला पांढरे फडके बांधा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, कैरीचे पन्हे घेत राहा. थंड पेयाच्या बाटलीपेक्षा ताक स्वस्त आणि गुणकारी आहे. अंग तापले, डोके दुखू लागले, मळमळले तर माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. असंबद्ध बडबड, झटके किंवा बेशुद्धी आली तर तो उष्माघात समजा. अशा वेळी तोंडात पाणी घालू नका, अंग गार करत करत दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.

जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून पाजा. चमचा चहाचा लहान घ्या. मीठ जास्त झाले तर लेकराला धोका आहे, म्हणून पाकीट मिळाले तर ते उत्तम. आईचे दूध बंद करू नका.

सुट्टीत सर्वांत जास्त लक्ष ठेवायचे ते पाण्यात उतरणाऱ्या मुलांवर. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. तो इतका निसरडा असतो की पोहता येणारा मुलगाही काठावर चढू शकत नाही. शहरातून आलेल्या मुलांना हे ठाऊक नसते. मोठे माणूस सोबत नसेल तर विहीर आणि शेततळे यांकडे पाठवूच नका. शेततळ्यात काठापासून पाण्यापर्यंत गाठी मारलेला जाड दोर बांधून ठेवायला शेतमालकाला सांगा.

उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात विंचू बाहेर पडतात. सरपण, गोवऱ्या, दगड उचलताना काठीने हलवून मग हात घाला. चप्पल झटकून पायात घाला. विंचू चावल्यावर खूप घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलाला, तर मंत्र-उताऱ्यात एक मिनिटही घालवू नका. जालना जिल्ह्याच्या मातीतून गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर किती उपयोगी आहे ते दाखवले, आणि पूर्वी दगावणारी लेकरे वाचू लागली. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, म्हणून सरकारी दवाखाना गाठणे महत्त्वाचे.

पावसाळा : वर्षावासाचा अर्थ

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण विहारात वर्षावास पाळतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन करतो. वर्षावास सुरू कसा झाला, ते विनयपिटकातल्या महावग्गात सांगितले आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळी रोपे आणि बारीक जीव पायाखाली चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि भिक्खूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. निसर्गाच्या ज्या काळात वाढ चालू असते, त्या काळात आपण थोडे थांबावे, पाऊल जपून टाकावे, असा त्याचा साधा अर्थ. उभ्या पिकातून सेल्फीसाठी चालणे, बांधावर प्लेटा-पिशव्या टाकणे, ओढ्यात गाडी धुणे हे याच्या अगदी उलट आहे.

या ऋतूत रानभाज्या येतात. तरोटा, घोळ, तांदुळजा, कुर्डू, पाथरी, करटुली ही नावे आपल्या आजीला पाठ असतात. दुष्काळात याच भाज्यांनी आपल्या मागच्या पिढ्या जगवल्या. हिरव्या पालेभाज्यांतून लोह आणि इतर क्षार मिळतात. वस्तीतल्या बायका-मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते, त्यांच्यासाठी हे फुकटचे पोषण आहे. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

पण तीन पथ्ये पाळा. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेताच्या बांधावरची भाजी तोडू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. सुट्टीला गेलेल्या पोरानेही हौसेने पंप पाठीला लावू नये. दुसरे, ओळख पक्की नसेल ती भाजी आणि रानातली कोणतीही छत्री खाऊ नका. तिसरे, मुतखडा असणाऱ्यांनी घोळ बेताने खावी. सगळे रोप मुळासकट उपटू नका. कोवळे शेंडे खुडा म्हणजे ते पुन्हा फुटते.

मुलांना मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत, ही कुंपणाची झाडे दाखवून ठेवा. तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात, म्हणून मुले खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. अनेक गावांत एकाच वेळी दहा-वीस मुलांना दवाखान्यात न्यावे लागल्याच्या बातम्या आपण वाचतो.

सापाबद्दल. आपल्या भागात चार विषारी साप महत्त्वाचे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्या जागी फारशी आग नसते, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकू नका. खाट नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचा. त्याने डासही अडतात. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि चप्पल हवीच.

साप चावल्यास : माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, अंगठ्या-जोडवी-बांगड्या काढा. दोरीने करकचून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, कोंबडी लावणे हे काहीही करू नका. थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मोफत असते. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मारायला गेलेल्यालाच दुसरा दंश होतो. साप उंदीर खातो, धान्य वाचवतो. त्याला जगू द्यावे आणि आपणही जगावे.

पिण्याचे पाणी उकळून गार करा किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, रांजण, कूलर रिकामे करून घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ढग गडगडू लागले की शेतातल्या एकट्या झाडाखाली उभे राहू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलमध्ये घ्या, ते जवळपास वीज पडण्याची सूचना देते.

हिवाळा : ताटातली भाकरी, घरातला धूर आणि लेण्यांची सहल

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, दिवाळीची सुट्टी लागली की गावची हवा सर्वांत चांगली असते. पण याच सुमारास मराठवाड्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात. गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी लेकरे मागे राहतात. आपण गेलो तर त्यांच्याकडून पाहुणचार घेण्याआधी त्यांचा बीपी तपासून आणा, डोळे दाखवा, संपलेल्या गोळ्या आणून द्या.

हिवाळ्यात बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे, हरभऱ्याची भाजी, अंबाडी असे सगळे शेतातले ताजे असते. बाजरी-ज्वारीला गव्हा-तांदळापेक्षा पाणी कमी लागते, कोरडवाहू जमिनीत येते आणि साखर हळू वाढवते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्या भाकरीला कधी गरिबाचे अन्न म्हणून हिणवले गेले, तिचे महत्त्व आता जगाला कळले आहे. परत येताना शहरात रुपये मोजून बिस्किटांचे पुडे घेण्यापेक्षा गावातल्या आपल्या माणसाकडून पायलीभर ज्वारी, किलोभर हरभरा रोख पैसे देऊन घ्या. फुकट मागू नका. त्याच्या घरात दोन पैसे जातील आणि आपल्या घरात महिनाभर चांगली भाकरी होईल.

हुरडा खायला जरूर जा. मात्र साखर असलेल्यांनी हुरड्यासोबत गूळ आणि रेवड्यांवर ताव मारू नये. हुरडा स्वतःच पिष्टमय आहे. पळसाच्या पानांवर किंवा घरच्या ताटांत खा, थर्माकोलच्या प्लेटा नकोत. खेड्यात कचरागाडी येत नाही. आपण टाकलेले प्लॅस्टिक शेवटी चुलीत किंवा अंगणात जळते आणि त्याचा विषारी धूर आजीच्या छातीत जातो. म्हणून नियम एकच : पाकिटात नेलेले रिकामे पाकीट परत आणायचे.

धुराचे दुखणे हिवाळ्यात वाढते. पाहुणे आले की चूल दिवसभर पेटती राहते, प्रत्येकाला आंघोळीला गरम पाणी लागते. चुलीच्या धुराने दमा, मोतीबिंदू आणि लहान बाळांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. घरात गॅस असेल आणि सिलिंडर परवडत नाही म्हणून कोपऱ्यात पडला असेल, तर एका भरणीचे पैसे पाहुण्यांनी द्यावेत. चूल शक्यतो उघड्यावर किंवा खिडकीजवळ असावी, सरपण वाळलेले असावे, डाळ-हरभरा रात्री भिजवून ठेवावा म्हणजे लवकर शिजतो. आणि थंडीत खोली बंद करून आत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

याच ऋतूत लेण्यांची सहल करावी. विद्यापीठामागच्या डोंगरातली बुद्ध लेणी, वेरूळ आणि अजिंठा हा आपला वारसा आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबवून पुढे बसने जावे लागते, ते चित्रांना धूर लागू नये म्हणूनच. तो नियम मनापासून पाळा. वस्तीने मिळून एक बस केली तर खर्चही वाटला जातो. घरची भाकरी-चटणी आणि पाण्याची बाटली सोबत न्या. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. उग्र अत्तर, धूर आणि दगड मारणे टाळा. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळा. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी पायऱ्या थांबत थांबत चढाव्यात.

विहारात ठरवण्यासारखे

या गोष्टी एकेका घराने लक्षात ठेवण्यापेक्षा वस्तीने मिळून ठरवल्या तर टिकतात. महिला मंडळाने वर्षातून तीन वेळा, म्हणजे एप्रिल, जून आणि ऑक्टोबरमध्ये, विहारात तासाभराची बैठक घ्यावी. ओआरएस कसे करायचे ते करून दाखवावे. आशाताईंना बोलवावे. एक औषधपेटी आणि चार मच्छरदाण्या विहारात ठेवाव्यात, ज्या गावी जाणाऱ्याने न्याव्यात आणि परत आणाव्यात. परत आल्यावर गावात पाण्याची, दवाखान्याची काय स्थिती होती ते सांगावे. कुणाच्या गावी वस्तीला पाणी नसेल तर अर्ज लिहून देणारा शिकलेला तरुण आपल्यातच असतो.

पुढच्या वेळी एसटीत चढताना पिशवीत खाऊ असेल, लेकरांचे कपडे असतील. त्यातच मच्छरदाणी आणि ओआरएसची पाकिटे असू द्या. आणि गावी पोचल्यावर वहिनीच्या हातातला पहिला हंडा आपण घ्या.